पत्र्यावरचा दगड आणि इतर तयारी

भोकर तालुक्यातील वादळाचा हंगाम एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि मृगाचा पाऊस लागला की उतरणीला लागतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हाच हंगाम 1 जूनला सरकारी मुहूर्तावर सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरपर्यंत चालतो. भोकरला तशी शिस्त नाही. इथून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही पाचशेच्या आसपास किलोमीटरवर. त्यामुळे डोळा असलेले, उपग्रहाच्या चित्रात गरगरणारे चक्रीवादळ नांदेड जिल्ह्याच्या वाट्याला येत नाही. वाट्याला येते ते वावधान. ते दुपारी चारच्या सुमारास येते, अर्धा तास थांबते आणि जाताना कोणाचे तरी छप्पर घेऊन जाते.

या वावधानाचे बारसे होत नाही. हिंदी महासागराच्या उत्तर भागातील चक्रीवादळांना 2004 पासून नावे दिली जातात, पण त्यासाठी वाऱ्याने ताशी 62 किलोमीटरचा वेग धरून ठेवावा लागतो. भोकरचा वारा हा वेग एका झटक्यात गाठतो आणि दुसऱ्या झटक्यात सोडतो. चिकाटीच्या अभावी त्याचे नाव यादीत लागत नाही. गावात त्याची ओळख नुकसानीवरून राहते: थोरलीच्या लग्नातले वावधान, शाळेचे पत्रे नेले ते वावधान, आणि ज्यात सगळ्यांचे गेले पण सरपंचांचे राहिले ते वावधान. शेवटच्यावर चर्चा जास्त दिवस चालते.

त्याची घडण सोपी आहे. जमीन तापून पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात गेलेला असतो. समुद्राकडून थोडी ओल येते, तापलेली हवा ती घेऊन वर चढते आणि तास-दोन तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यातून पाऊस सुटला की पावसाने गार झालेली जड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस अजून दोन गावे पलीकडे असतानाच धूळ दारात येते ती यामुळे.

पूर्वसूचना चार ठिकाणांहून मिळते. हवामान खाते रंगांत बोलते: पिवळा, नारिंगी, लाल. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांसाठी सल्ला काढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले दामिनी हे ॲप आसपास वीज पडत असल्याचे मोबाइलवर दाखवते. चौथा आधार पंचांगाचा. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असते. बेडूक, म्हैस, हत्ती असले की पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असला की ओढ. वाऱ्याच्या वाहनाबद्दल मात्र पंचांग काही सांगत नाही. या चारही सूचना एकत्र करून घरातील वडीलधारी व्यक्ती अंगणात येते, पश्चिमेकडे पाहते आणि म्हणते, "आभाळ आलंय, पण इकडं येत नाही." ते इकडे येते. नेमक्या त्या घटकेला लाईट जाते. जुनीजाणती माणसे याच इशाऱ्यावर विसंबून असतात, कारण तो आजवर खोटा ठरलेला नाही.

घराच्या तयारीत पहिला आणि शेवटचा प्रश्न छपराचा. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडे, लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी मिरगाच्या आधी या थरावर नवी माती चढवायची, दाबायची, उतार धरायचा. माळवदाला वाऱ्याची भीती कधीच नव्हती. इतके टन माती न्यायची कुठल्याही वाऱ्याची टाप नाही. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे याच भिंती-मातीखाली दबून गेली. त्यानंतर डोक्यावर ओझे नको ही भावना सगळ्या मराठवाड्यात पसरली. दरवर्षी माती टाकण्याचा आणि त्यासाठी माणसे शोधण्याचा कंटाळाही होताच. पत्रे आले. छप्पर जड असेल तर जमिनीची धास्ती आणि हलके असेल तर आभाळाची, अशा दोन धास्त्यांपैकी एक निवडायची होती. लोकांनी आभाळाची निवडली. ती निदान दिसून येते.

पत्र्याच्या संरक्षणाची सर्वमान्य पद्धत म्हणजे त्यावर वजन ठेवणे. या वजनाची यादी कोठेही लिहिलेली नाही, पण सर्व छपरांवर ती सारखीच आढळते: धोंडे, ट्रॅक्टरचे जुने टायर, वाळूची पोती, मोडलेला पाटा, आणि जात्याची एक तळी. दुसरी तळी शेजारच्या छपरावर असते. भावांची वाटणी झाली त्याची ती खूण. काही दगड वर्षानुवर्षे एकाच जागी राहून पत्र्यावर गंजाचे गोल कडे उमटवतात. दगड हलवला की त्या कड्यातून आकाश दिसते, म्हणून दगड हलवायचा नाही. वाऱ्यासाठी ठेवलेला दगड असा हळूहळू पावसासाठी कायम होतो.

इथे थोडा हिशेब करणे भाग आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे 47 किलो भरतो. वारा छपरावरून घसरून जाताना जवळपास तेवढ्याच जोराने पत्रा वर ओढतो आणि कडेला तर त्याहून जास्त. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा. म्हणजे त्याला वर उचलणारा जोर दीडशे किलोच्या घरात, आणि पत्र्याचे स्वतःचे वजन बारा-पंधरा किलो. त्यावर दहा-दहा किलोचे चार धोंडे ठेवले तरी बेरीज साठपर्यंतही पोहोचत नाही. उरलेले नव्वद किलो घरमालकाच्या श्रद्धेवर असतात. शिवाय पत्रा उठतो तेव्हा धोंडे कुठे तरी जातातच. ते बहुधा खाली जातात, आणि खाली बाजेवर कोणीतरी निजलेले असते. पत्र्यावर दगड ठेवू नये असे प्रत्येक सरकारी पत्रकात लिहिलेले असते. हे पत्रक वाऱ्याने उडू नये म्हणून ग्रामपंचायतीच्या टेबलावर त्यावर दगड ठेवलेला असतो.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. पत्रा खालच्या लोखंडी अँगलला किंवा पाइपला जे-हुकने किंवा स्क्रूने आवळायचा, स्क्रू पन्हाळीत न मारता उंचवट्यावर मारायचा म्हणजे पाणी गळत नाही, खाली रबरी वॉशर घालायचा आणि कडेच्या ओळीत स्क्रू दाट ठेवायचे. अँगलही भिंतीत नीट गाडलेला हवा, नाहीतर पत्रा आणि अँगल जोडीने जातात. वॉशर दोन-चार उन्हाळ्यांत तडकतो. एप्रिलमध्ये शिडी लावून सगळे स्क्रू तपासावेत असे सर्व जाणकार सांगतात, आणि शिडी शेजाऱ्याकडे असते.

घराची दारे-खिडक्या वाऱ्यात लावून घ्याव्यात. वारा एका बाजूने आत शिरला आणि बाहेर पडायला वाट नसली की तो पत्र्याला खालून ढकलतो, वरून ओढणारा तर असतोच. नेमक्या याच वेळी कर्ता पुरुष वावधान बघायला दार सताड उघडून उंबऱ्यात उभा राहतो. त्याला आत घेणे हा तयारीचा भाग धरावा.

घरातील सामानाबाबत परदेशी पुस्तके तीन दिवसांचे पाणी साठवा असे सांगतात. या बाबतीत मराठवाड्यातील कुटुंबाला शिकवण्यासारखे फारसे नाही. नळाला पाणी आठवड्याने येते अशा गावांत ड्रम, टाक्या, हंडे, कळशा आणि गंगाळे बारमाही भरलेली असतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हापासून इथला माणूस रिकामी बादली दिसली की बेचैन होतो. बॅटरी, काडेपेटी, चार्ज केलेला मोबाइल आणि सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या पत्र्यापासून दूर, कोरड्या खोलीत, बाजेवर ठेवाव्यात. बियाणे भिजले तर पेरणी गेली. फ्रीज भिजला तर फ्रीज गेला. लोक पहिल्यांदा काय उचलतात हे पाहून घर शेतकऱ्याचे आहे की नोकरदाराचे ते कळते.

सर्वांत अवघड स्थलांतर वाळवणाचे. मेच्या दुपारी घराघराच्या गच्चीवर जुन्या साड्या पसरलेल्या असतात आणि त्यांवर कुरडया, पापड, शेवया, सांडगे. यांपैकी पापड आज्ञाधारक, ताबडतोब गोळा होतो. कुरडई होत नाही. ती अर्धी वाळलेली असते, वरून कडक आणि खालून साडीला चिकटलेली, त्यामुळे साडी चारी टोकांनी धरून तशीच जिन्यातून खाली आणावी लागते. चार टोकांना चार माणसे लागतात. त्यांत दोन जावा, एक शेजारीण आणि जिन्यातून उलटे उतरण्याचा अनुभव नसलेला एक मुलगा असतो. चीक शिजवायला पहाटे चारला उठलेल्या बाईपुढे त्या वेळी हवामान खात्याची बाजू मांडू नये.

हंगाम लग्नसराईचाही आहे. मांडव हे मुळात दोरीने बांधलेले शीड. वारा आला की सगळे वऱ्हाड खांबांना मिठ्या मारते. ते चूक आहे. मांडववाल्याची जाणती माणसे उलट करतात. ती कापडाच्या दोऱ्या सोडून देतात, कापड जाते आणि खांब राहतात. कापड पुढच्या शिवारात सापडते, खांब डोक्यात पडलेला माणूस दवाखान्यात. पंगत शाळेच्या व्हरांड्यात हलवता येते, म्हणून मंगल कार्यालय परवडत नसेल तर निदान शाळेची चावी कोणाकडे आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवावे. अक्षता मात्र आधी उरकून घ्याव्यात. मुहूर्त टळल्याचा दोष वावधानावर जात नाही, व्याह्यांवर जातो.

विजेबाबत विनोदाला जागा कमी आहे. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात माणसे आणि जनावरे विजेने मरतात, आणि बरीचशी झाडाखाली मरतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पत्र्याचे उघडे शेड म्हणजे पक्के घर नव्हे. जनावरे झाडाला बांधू नयेत, तारेच्या कुंपणापासून दूर न्यावीत. पोरांना आवरणे सर्वांत कठीण, कारण वावधानात आंबे पडतात आणि पडलेला आंबा ज्याने उचलला त्याचा हा कायदा सगळ्या तालुक्यात पाळला जातो. गारा सुरू झाल्या की अंगणात विळा किंवा कुऱ्हाड फेकण्याची जुनी रीत काही घरांत आहे. गारा थांबतात की नाही हे पाहण्याआधी फेकणाऱ्याने आत यावे.

वारा थांबल्यावर पत्रे शोधण्याचे काम सुरू होते. सगळे पत्रे दिसायला सारखे, म्हणून ओळख पटते ती भोकांवरून. आपल्या अँगलवर पत्रा ठेवला आणि जुनी भोके जुळली की पत्रा आपला. भोके जुळूनही मालकी मान्य न झाल्यास प्रकरण पारावर जाते. सरकारी मदतीसाठी तलाठ्याच्या पंचनाम्यात घराची पडझड किमान 15 टक्के असावी लागते. पिकासाठी ही अट 33 टक्क्यांची आहे, आणि पूर्वी पीकविमा असेल तर गारपिटीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागत असे. पंधरा टक्के मोजायचे तर आधी शंभर टक्के किती होते ते ठरवावे लागते, म्हणून हंगामापूर्वी घराचा फोटो काढून ठेवावा. फोटोत पत्र्यावरचे दगडही येतात, त्याला इलाज नाही.

मृग लागला म्हणजे सुटका झाली असे नाही. एक छोटा हंगाम सप्टेंबरअखेर असतो आणि तो खऱ्या चक्रीवादळांच्या अवशेषांचा. 26 सप्टेंबर 2021 रोजी गुलाब हे वादळ आंध्राच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढले, जमिनीवर चालता चालता दमले आणि 28 सप्टेंबरला मराठवाड्यावर आले तेव्हा त्याचे नाव-गाव सुटून नुसता कमी दाबाचा पट्टा उरला होता. त्या पट्ट्याने लातूर, उस्मानाबाद, बीड, नांदेडला झोडपून काढले, मांजरा-तेरणेला पूर आला. मग ते अरबी समुद्रात उतरले, ताजेतवाने होऊन शाहीन हे नवे नाव घेतले आणि ओमानला गेले. आंध्राला गुलाब मिळाले, ओमानला शाहीन, मधल्या मराठवाड्याला पाणी.

या हंगामाच्या तयारीत पत्र्याला दुय्यम स्थान आहे. गच्चीची मोरी पानांनी तुंबलेली नाही ना हे बघावे, आणि कापून ठेवलेले सोयाबीन उंचवट्यावर रचून त्याच्या गंजीवर ताडपत्री टाकावी. ताडपत्री भोके नसलेली हवी, गंजीच्या चारी बाजूंनी जमिनीपर्यंत पोहोचणारी हवी आणि ती स्वतःची हवी. उसनी ताडपत्री पाऊस सुरू झाला की मालक परत मागायला येतो.