शून्य कुठं धरायचं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं टर्नरकी केलेला माणूस रिटायर झाला म्हणून घरी बसत नाही. तो लेथच घरी आणतो. आमच्या शेजारचे अण्णा त्यातले. स्कूटर पावसात, लेथ पोर्चमध्ये.

त्यांच्यापुढं ‘अंदाजे’ म्हणायची सोय नाही. काकूंच्या पापडालाही मायक्रोमीटर लागतो. “मध्ये पॉइंट सहा, कडेला आठ. हात एकसारखा नाही.” काकू लाटणं न थांबवता म्हणतात, “बेअरिंग बसवा हाताला.”

गेला महिना टेलस्टॉकला डिजिटल स्केल बसवण्यात गेला. कारण साधं होतं. चाकाचा एक फेरा म्हणजे पाच एमएम, वीस एमएम भोकाला चार फेरे. पण चुरा काढायला ड्रिल मधेच मागं घ्यावं लागतं, नेमका तेव्हाच सिलिंडरवाला येतो, आणि तीन झाले की चार यावरून अण्णा त्या बिचाऱ्याशी भांडतात.

मग स्वस्तातला एक डिजिटल व्हर्नियर आणला आणि त्याचे जबडे कापायला घेतले. हॅकसॉचं पातं नुसतंच घसरलं. शेवटी ग्राइंडर. “बाळ, टॉर्च धर,” एवढंच काम मला होतं. ते मी तीन रविवार केलं. पट्टी बॅरलला समांतर बसेना. सुरुवातीला सुळकन जायची, टोकाला अडकायची. डायल गेज लावून, पितळी शिम सरकवून दोन संध्याकाळी गेल्या. ती सरळ झाली तर पट्टीवर कूलंट उडालं आणि आकडे अंगात आल्यागत नाचू लागले. त्यावर श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून छप्पर केलं. काकू अजून ते झाकण शोधतायत.

नारळ फुटला. दहाचं ड्रिल लावलं आणि अण्णा थबकले. शून्य कुठं धरायचं? टोक टेकल्यावर, की पूर्ण व्यास आत गेल्यावर? नुसतं टोकच तीन एमएम! अर्धा तास आमचा चहा गार होत राहिला. अखेर टोक टेकवून बटण दाबलं.

चुरा काढायला ड्रिल चारदा मागं आलं, आकडा चुकला नाही. 20.00. अण्णांनी मशीन बंद केलं, भोकात फुंकर मारली, इकडंतिकडं पाहिलं, खिशातून काडेपेटीतली एक काडी काढून आत सोडली, नखानं खूण धरली आणि डोळ्यासमोर नेली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.