टेकडीवरचा कोच

सिडनीच्या लेकहार्ट ओव्हल मैदानाला एका अंगाला गवताची टेकडी आहे. मार्च ते सप्टेंबर या हंगामात तिथे वेस्ट्स टायगर्स या रग्बी लीग संघाचा सामना असला, की खाली संघाचा एक कोच असतो आणि टेकडीवर काही हजार. टेकडीवरच्या कोचला क्लबाकडून छदाम मिळत नाही. उलट सभासदत्वाची वर्गणी तोच भरतो. अंगात नारिंगी-काळी-पांढरी जर्सी, तीही शक्यतो २००५ सालची, त्यामुळे पोटापाशी इतिहास जरा ताणला गेलेला. एका हातात बिअर, दुसऱ्यात कनोली. ही क्रीम भरलेली कुरकुरीत इटालियन नळी. जुन्या इटालियन वस्तीचा भाग असल्यामुळे ती इथे सामन्याला हमखास मिळते. सामन्याआधी हा माणूस आशावादी असतो, समोरच्यांनी पहिला ट्राय केला, म्हणजे चेंडू आपल्या रेषेपलीकडे टेकवला, की विश्लेषक होतो, मध्यंतराला क्रांतिकारक आणि शेवटची शिट्टी वाजल्यावर गणितज्ञ: उरलेले सगळे सामने आपण जिंकले, अमका तमक्याकडून हरला आणि गुणफरक आपल्या बाजूने लागला, तर अजूनही आपण पहिल्या आठात येतो. पुढच्या वर्षी सभासद होणार नाही, असं तो दर वर्षी जाहीर करतो. आणि ते जाहीर करण्याचा हक्क शाबूत राहावा म्हणून दर वर्षी सभासद होतो.

या माणसाला हसून सोडून देणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. त्याचं गाऱ्हाणं सोळा आणे खरं आहे. चुकतो तो पत्ता. आधी गाऱ्हाणं पाहू. रग्बी लीगमध्ये एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात. सहाव्यांदा पाडले गेलात की चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब किंवा उंच धाडतात. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे हटायचं. म्हणजे हा खेळ सारखा थांबतो, आणि दर थांब्याला सल्ला देण्यापुरती फट मिळते. टेकडीवरचा कोच एकही फट वाया घालवत नाही. चेंडू आडवा फिरवला तर ‘अरे, आधी सरळ घुसा!’ सरळ घुसले तर ‘घुसण्यापलीकडे काही सुचत नाही का यांना?’ पाचव्याला उंच लाथ मारली तर आंधळेपणानं मारली, न मारता धावले तर मारायला काय झालं होतं. दहा मीटरचा नियम समोरचा संघ कायम मोडत असतो आणि तो फक्त टेकडीवरूनच दिसतो. ही विधानं एकमेकांना छेद देतात, असं म्हणून त्याला गप्प करता येणार नाही. दुबळा संघ सरळही नीट घुसत नाही आणि आडवंही नीट खेळत नाही. एकाच डावात दोन्ही तक्रारी खऱ्या ठरू शकतात.

पुरावाही त्याच्याच बाजूने आहे. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज हे दोन्ही क्लब सिडनीच्या स्पर्धेत १९०८ च्या पहिल्या हंगामापासूनचे. १९९९ मध्ये दोघांनी एकत्र यायचं ठरवलं आणि २००० पासून वेस्ट्स टायगर्स खेळू लागला. २००५ मध्ये संघाने अंतिम सामन्यात नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजना ३०-१६ असं हरवलं. त्या दिवशी बेंजी मार्शलने धावता धावता पाठीमागून उडवलेला पास आणि त्यावर पॅट रिचर्ड्सने केलेला ट्राय टेकडीवर आजही दर सामन्याला एकदा तरी हातवारे करून दाखवला जातो, बहुधा बिअरच्या ग्लाससकट. पुढे २०१० आणि २०११ मध्ये संघ बाद फेरीत गेला. त्यानंतर २०२५ च्या हंगामापर्यंत एकदाही नाही. २०१६, २०१८ आणि २०१९ मध्ये नववा आला, आणि बाद फेरीत जातात आठ. २०१९ ला तर शेवटच्या सामन्यात, याच मैदानावर, जिंकेल तो आठात असा हिशेब होता, जिंकला क्रोनला. मग २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं तळाचा नंबर, म्हणजे तिकडच्या भाषेत लाकडी चमचा. २०२४ चा चमचा शेवटच्या फेरीत पॅरामॅटाविरुद्ध ठरायचा होता. हरणाऱ्याने तो न्यायचा. टायगर्स ६०-२६ हरले आणि चमचा घेऊन घरी आले. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, अशी आपली म्हण आहे; सिडनीच्या या वाघाने त्या काळात मुख्यतः मार खाल्ला.

इतका पुरावा हाती असलेल्या माणसाने मागणी काय करावी? ‘कोचला काढा.’ या मागणीला वंशपरंपरा आहे. १९८९ च्या अंतिम सामन्यात बालमेन कॅनबेराविरुद्ध मध्यंतराला १२-२ असा पुढे होता. उत्तरार्धात कोच वॉरन रायन यांनी आघाडी राखण्यासाठी स्टीव्ह रोच आणि पॉल सिरोनन या दोन दांडग्या गड्यांना बाहेर बसवलं. बालमेनच्या बेनी इलायसची लाथ आडव्या दांड्यावर आपटली, कॅनबेराने बरोबरी साधली आणि जादा वेळेत १९-१४ असा सामना नेला. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तेसुद्धा ती बदली काल झाल्यासारखी सांगतात. यातली गंमत अशी की त्या दिवशी कॅनबेराचे कोच होते टिम शीन्स, आणि पुढे २००५ चं विजेतेपद टायगर्सना मिळवून दिलं ते याच शीन्सनी. बापाने ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याचा फोटो मुलाने भिंतीवर लावला. २०१२ ला त्यांनाही जावं लागलं. पुढच्या बारा वर्षांत पॉटर, टेलर, क्लीअरी, मॅग्वायर, पुन्हा सत्तरी ओलांडलेले शीन्स आणि मग बेंजी मार्शल असे सहा मुख्य कोच झाले. मधल्या काळापुरते नेमलेले वेगळेच. मेलबर्न स्टॉर्मकडे २००३ पासून क्रेग बेलमी हे एकच गृहस्थ आहेत.

म्हणजे टेकडीवरच्या कोचची मागणी वारंवार पुरी झाली. इथेच त्याच्या युक्तिवादाला भगदाड पडतं. आयव्हन क्लीअरी टायगर्सकडे होते तेव्हा संघाला बसची उपमा देत: ज्यांना यायचंय त्यांनी चढावं. २०१८ अखेर, करार शिल्लक असताना, बसमधून आधी ड्रायव्हरच उतरला. तो पेनरिथला गेला आणि २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं घेऊन बसला. मायकल मॅग्वायरना २०२२ मध्ये मध्येच काढलं. ते नालायक होते म्हणावं, तर त्यांनी आधीच २०१४ मध्ये साउथ सिडनीचा त्रेचाळीस वर्षांचा दुष्काळ संपवला होता. इथून गेल्यावर त्यांनी २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्सला स्टेट ऑफ ओरिजिन ही दोन राज्यांमधली मालिका जिंकून दिली आणि २०२५ मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोजना विजेतेपद. तोच माणूस, तीच फळ्यावरची आखणी. बदललं ते दार. खेळाडूंचंही तेच. जेम्स टेडेस्को २०१७ अखेर रूस्टर्स क्लबाकडे गेला आणि पुढची दोन्ही वर्षं विजेता ठरला. जॉश ॲडो-कार इथे एक हंगाम खेळून मेलबर्नला गेला. रायन पॅपनहायझन तर इथल्याच पोरांच्या संघांतून आला आणि २०२० च्या अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही मेलबर्नकडून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे इथे लागू पडत नाही. आडात पाणी भरपूर आहे. भोक पोहऱ्याला आहे. कुणाला घ्यायचं, कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा, पगाराच्या ठरलेल्या मर्यादेत कुणाला राखायचं आणि कुणाला सोडायचं, हे निर्णय कार्यालयात होतात. टेकडीवरून कार्यालय दिसत नाही, कोच दिसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी जातो तो असा.

यावर टेकडीवरून पहिला आक्षेप येईल: मग कोच काय फक्त शिट्टी वाजवायला ठेवलाय? आक्षेप वाजवी आहे. रायन यांची ती बदली चुकीची होती असं म्हणायला जागा आहे आणि तो निर्णय कार्यालयाने घेतला नव्हता. एखादा सामना कोच हरवू शकतो. पण चौदा हंगाम एकटा कोच हरवू शकत नाही, आणि सहा कोच एकाच पद्धतीने मूर्ख असण्याची शक्यता फार कमी. शीन्स यांचा २०२३ चा हंगाम पाहा. मे महिन्यात लेकहार्टवर टायगर्सनी काउबॉइजना ६६-१८ असं धुतलं. सहा आठवड्यांनी टाउन्सव्हिलला त्याच काउबॉइजनी टायगर्सना ७४-० असं धुतलं. कोच तोच, हंगाम तोच, प्रतिस्पर्धीही तोच, आणि फरक १२२ गुणांचा. डावपेचच कारण असतील तर मे महिन्यात शीन्स अवलिया आणि जुलैत अडाणी ठरतात. टेकडीवर दोन्ही ठराव एकमताने संमत होतात, ही गोष्ट अलाहिदा. इतका झोका खातो तो कच्च्या पायावर उभा केलेला संघ. दर दोन वर्षांनी पद्धत बदलली, हाफबॅक, फाइव्ह-एट, हूकर आणि फुलबॅक या चौघांची एकमेकांशी ओळख पटेपर्यंत त्यातला एक दुसऱ्या क्लबात गेला, की पाचव्या टॅकलला लाथ कुणी मारायची यावरच दोघं एकमेकांकडे बघत राहतात. टेकडीवरून तो डावपेचांचा अभाव वाटतो.

दुसरा आक्षेप शहाण्यासुरत्या लोकांचा: या आरडाओरड्यानेच कोच बदलले जातात, म्हणजे दोष प्रेक्षकांचा. हे मला मान्य नाही. ओरडणं प्रेक्षकाचं काम आहे. ओरडा ऐकून घाईने करार मोडणं, हे ज्यांना शांत राहण्याचा पगार मिळतो त्यांचं पाप. शिवाय पत्ता बरोबर असला की हलवाहलव होते, हेही दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये क्लबाच्या कारभाराच्या तपासणीनंतर अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी दोघेही गेले. २०२४ ला तरी चमचा चुकला का, असं कुणी विचारील. नाही चुकला. पोरांच्या संघापासून बांधणी करायची तर वर्षं लागतात, आणि पेनरिथलाही ती लागली होती. टेकडीवरच्या कोचला हे पटतं, फक्त रविवार संध्याकाळपर्यंत.

उरला तिसरा प्रश्न: इतका त्रास होतो तर संघ का बदलत नाही? सिडनीत या स्पर्धेतले नऊ क्लब आहेत. पॅरामॅटा आणि पेनरिथ आगगाडीच्या वाटेवर आहेत. पण निष्ठा बदलता येते ती तक्रार नसलेल्या माणसाला. याने वीस वर्षं हिशेब लिहून ठेवलाय, तो अर्धवट टाकून कुठे जाणार? त्यातून तो खेळातलं इतकं शिकलाय की कोणता बचावपटू पाऊल आधी टाकून ओळ मोडतोय, हे त्याला चेंडू पोचण्याआधी कळतं. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला गुणफलक वाचता आला तरी पुरतं. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला खेळ वाचावा लागतो. म्हणूनच त्याचं म्हणणं क्लबाने ऐकायला हवं आणि त्यानेही ते नीट मांडायला हवं. निवाडा एवढाच: गाऱ्हाणं मंजूर, ‘कोचला काढा’ ही मागणी नामंजूर. पुढच्या वार्षिक सभेत त्याने पाचव्या टॅकलबद्दल चकार शब्द काढू नये. उभं राहून एवढंच विचारावं, की आपल्याकडे वाढलेला पुढचा पोरगा कोणत्या क्लबाकडून अंतिम सामना खेळणार आहे?