ओसाड गावठाणाची मोहीम

मार्गशीर्षातली थंडी मराठवाड्यात उतरली, की लातूर-नांदेडकडील सुखवस्तू मंडळींच्या अंगी गिरिभ्रमणाचे वारे संचारते. आणि सह्याद्री दूर असल्याने खरोशाच्या लेण्यांची टेकडी चढून, हुरड्याचा यथेच्छ समाचार घेऊन, मोटारीने जुन्या किल्लारीच्या गावठाणावर जाऊन मोहिमेची सांगता करण्याचा ठराव बहुमताने मंजूर होतो. तेथील झुडपांत बुडालेली पडकी जोती पाहून कोणी रसिक ‘काय ही शांतता!’ असे उद्गारतो, तर कोणी निसर्गनिष्ठ गृहस्थ दगडमातीच्या रुंद भिंतींचे आणि माळवदाच्या गारव्याचे गुणगान करून, असली घरे टाकून सिमेंटच्या वसाहतीत राहावयास गेलेल्या ग्रामस्थांच्या अरसिकतेची कीव करतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन उरकून गाव निजले असता, पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात याच भिंतींनी आणि याच माळवदांनी कुटुंबेच्या कुटुंबे गाडली, आणि पुढे लातूर-उस्मानाबादेतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली, ही बाब सरकारी दप्तरी नमूद असली तरी छायाचित्रात उमटत नसल्याने विचारात घेतली जात नाही. मोहिमेच्या रोजनाम्यात शेरा पडतो तो इतकाच: ‘स्थळ रम्य, चहाची सोय नाही.’