पारा उतरला, हुलगे चढले

शरद ऋतू कवींना मानवतो, स्वयंपाकघराला नाही. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख आहे ८ ऑक्टोबर. त्यानंतर ढग जातात, ऊन राहतं आणि मुंबईकर बनियनवर येतो. पाश्चात्त्य पाककृतींच्या मासिकांत याच सुमारास लाल भोपळ्याचं सूप वाफाळत असतं, शेजारी कुणीतरी लोकरीचे पायमोजे घालून पुस्तक वाचत असतं. दादरच्या तिसऱ्या मजल्यावर त्या वेळी चकल्या तळणाऱ्या बाईची एकच विनंती असते : पंखा लावू नका, गॅस विझतो, आणि बंदही ठेवू नका, मी विझते.

आपल्याकडच्या वैद्यांना हे ठाऊक होतं. वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’त शरदाची ऋतुचर्या सांगितली आहे. या दिवसांत पित्त खवळतं, म्हणून तांदूळ, मूग, आवळा, पडवळ असं हलकं खावं. तेल, पोटाला तडस लागेपर्यंत जेवण आणि दुपारची झोप टाळावी. दिवाळी नेमकी याच तीन खांबांवर उभी आहे. तेव्हा मराठी माणूस वाग्भटाला आदरानं नमस्कार करतो, चौथी करंजी उचलतो आणि आडवा होतो.

हेमंतात मात्र हाच वाग्भट एकदम आपल्या बाजूचा होतो. तो म्हणतो, थंडीत जठराग्नी प्रबळ होतो आणि त्याला पुरेसं सरपण मिळालं नाही तर तो शरीरातल्या धातूंनाच पचवायला घेतो. हे एक वाक्य पाठ असलं की नोव्हेंबर ते जानेवारी कुणाच्याही घरी तिसऱ्यांदा वाढून घेता येतं.

अडचण एवढीच की थंडी यावी लागते. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंशांचं, तेही २२ जानेवारी १९६२चं. त्या एका रात्रीच्या भरवशावर मुंबईत अजून स्वेटर विकले जातात. पुणे, नगर, नाशिककडची मंडळी सुदैवी. तिकडे दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की एके संध्याकाळी वारा फिरतो, आजोबांची कानटोपी बाहेर पडते आणि घरातून फर्मान सुटतं : ‘‘आज शेंगोळे कर गं.’’

शेंगोळे म्हणजे हुलग्याचे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, तोच हा. दिसायला खडीसारखा, रंगाला मातकट, हलक्या जमिनीत आणि तुटपुंज्या पाण्यावर येणारा. पूर्वी हुलगे भरडून, शिजवून बैलाघोड्यांना घालत. त्यामुळे पंक्तीत याला कधी मान मिळाला नाही. लग्नात शेंगोळे वाढले असते तर मुलाकडच्यांनी वरात परत नेली असती. पण शंभर ग्रॅम हुलग्यांत बावीसएक ग्रॅम प्रथिनं असतात, हे कळल्यापासून व्यायामशाळेत जाणारे पुतणे नरमले आहेत. डब्यातली महागडी पावडर दुधात घुसळणारा हा तरुण ‘‘काकू, अजून दोन पळ्या’’ म्हणतो, तेव्हा बैलांच्या कित्येक पिढ्यांना न्याय मिळतो. शिवाय प्रत्येक खानदानात एक काका असे असतात, ज्यांचा मुतखडा हुलग्याच्या कढणानंच पडला. डॉक्टरांची औषधंही त्यांनी त्याच महिन्यात घेतलेली असतात, पण तो तपशील काका सांगत नाहीत.

कृती सोपी आहे असं ज्यांना येते ते म्हणतात. हुलग्याच्या पिठात थोडी कणीक किंवा ज्वारीचं पीठ, भरपूर लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, ओवा, हळद, मीठ. गोळा घट्ट मळायचा, तेलाच्या हातानं करंगळीएवढी वळी करायची आणि दोन्ही टोकं जुळवून वेटोळं घालायचं. पीठ किती? ‘‘बसेल तेवढं.’’ पाणी? ‘‘लागेल तेवढं.’’ कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली महाराष्ट्राला वाटी-चमच्याची शिस्त लावली. शेंगोळ्यांनी ती आजवर लावून घेतलेली नाही.

वळायला सगळं घर बसवतात, आणि तिथेच स्वभाव उघडे पडतात. बँकेतून निवृत्त झालेले आजोबा सगळी वेटोळी एका मापाची करतात आणि तासाभरात नऊ करतात. धाकटी साप करते, डोळ्यांसकट. जावई हात धुऊन येतो म्हणून जातो तो ताटं मांडल्यावर उगवतो.

खरी परीक्षा आधणाची. लसणाच्या फोडणीवर पाणी ओतायचं आणि ते खळखळून उकळल्यावरच शेंगोळे एकेक करून सोडायचे. वरचं थोडं पीठ सुटतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. दाण्याचं कूट पडलं की आणखी. घाई केली आणि पाणी नुसतंच कोमट असलं, तर शेंगोळे विरघळतात आणि पातेल्यात माडगं तयार होतं. अशा वेळी अनुभवी सुगरण चेहऱ्यावरची रेषही न हलवता जाहीर करते, ‘‘आज माडगंच करायचं होतं.’’ माडगंही थंडीत छानच लागतं. महाराष्ट्रातल्या गृहिणींना पातेल्यातलं पाहून बेत ठरवता येतो, ही कला हॉटेलांच्या खानसाम्यांना अजून साधलेली नाही.

कोकणानं ही भानगडच ठेवली नाही. तिथे कुळथाची पिठी करतात : लसणाची फोडणी, पाण्यात कालवलेलं पीठ, दोन आमसुलं, ऊन भात आणि जोडीला भाजलेला सुका बांगडा. पंधरा मिनिटांत जेवण तयार. शेंगोळे वळत बसलेल्या घाटावरच्या माणसाकडे कोकणी माणूस ज्या नजरेनं पाहतो, तिचं कारण हे.

आता जोडीची बाजरी. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष पाळलं. तेव्हापासून शहरातल्या हॉटेलांत बाजरीची भाकरी नाचणीच्या वड्यांशेजारी लाकडी पाटावर येते आणि बिल पाहून घाम फुटतो; उष्ण गुणधर्म म्हणतात तो हाच असावा. घरी करायची तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते कढत पाण्यात मळावं आणि भाकरीपुरतंच घेऊन तळहातानं खूप रगडावं, नाहीतर थापताना कडा फाटतात. दुसरं, बाजरीत स्निग्धांश बराच असल्यानं दळल्यावर पीठ लवकर कडू होतं. स्वस्त मिळालं म्हणून पाच किलो आणणाऱ्या गृहस्थांनी उरलेलं चार किलो स्वतःच संपवावं.

शेंगोळे मात्र हिशेबापेक्षा जास्तच करावेत. रात्रभरात रस्सा आळतो, लसूण मुरतो आणि सकाळी तव्यावर तेल सोडून परतले की ते आदल्या रात्रीपेक्षा सरस लागतात. घरात कुणी शिळं म्हणून नाक मुरडलं तर आग्रह करू नये. त्याचा वाटा निमूटपणे आपल्या ताटात घ्यावा.