पडतोय, धरा त्याला!

रविवारी सकाळी आम्ही दहाबारा माणसं मिळून एका माणसाकडे टक लावून बघत बसतो. पुण्यात असं बघणं नवं नाही. कुठे जेसीबी लागला की त्याच्याभोवतीही एवढेच जण जमतात. आमच्या हातात पेन्सिली असतात, एवढाच फरक. जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला, ओळखीनं स्वस्तात मिळालेला. एकदा रुखवताची खोली शोधत कुणाचे तरी काका जिना चढून वर आले. टेबलावर कमरेवर हात ठेवून उभा असलेला इसम आणि डोळे बारीक करून त्याला न्याहाळणारे आम्ही, हा देखावा त्यांनी क्षणभर पाहिला आणि अदबीनं विचारलं, "आपण मुलीकडचे का?"

सुरुवात तीस सेकंदांच्या पोझनं होते. मग एक मिनिट, दोन, पाच, आणि शेवटी वीस मिनिटांची लांब पोझ. ह्या झटपट प्रकाराला जेश्चर म्हणतात. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या किमॉन निकोलाइडीसनं त्याची पद्धतशीर तालीमच आखून दिली. त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १९४१ मध्ये आलं. आजही आमच्यासारखे लोक त्यातल्या तासांच्या वेळापत्रकाकडे बघून घाबरतात. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की माणूस कसा दिसतो ते सोडा, तो काय करतोय ते काढा. मानेपासून टाचेपर्यंत एक ओढ असते, ती पहिल्या पाच सेकंदांत कागदावर आली पाहिजे. नाक, डोळे, शर्टाची बटणं ही नंतरची चैन. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात मी डोक्याचा गोल नीट वाटोळा करत असतो, आणि तेवढ्यात घड्याळ लावून बसलेले आमचे बँकेतून निवृत्त झालेले काका कॅश काउंटर बंद केल्याच्या आवाजात म्हणतात, "बदला!" त्यामुळे माझ्या वह्यांची बरीच पानं नुसत्या डोक्यांनी भरलेली आहेत.

खोडरबर आणायला बंदी आहे. हा नियम आमच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचा. त्यांचं म्हणणं, खोडायला लागणाऱ्या वेळात दुसरा माणूस काढून होतो. त्यांनी हयातभर एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला पोरं बसवली. त्या परीक्षांच्या स्मरणचित्रानं महाराष्ट्राच्या पिढ्यान्पिढ्या घडवल्या आहेत. 'भाजी मंडई' असा विषय आला की काय काढायचं हे आम्ही घरूनच पाठ करून जायचो: पुढे पाठमोरी बाई, तिच्या हातात पिशवी, मागे फुगेवाला. मंडईत फुगेवाला कशाला, हे विचारायचं नाही. फुग्यांमुळे रंगांना वाव मिळतो. माणसं पाठमोरी असण्याचं कारण उघड आहे, आणि त्या पिशवीचंही. पिशवी आली की बोटं काढावी लागत नाहीत.

हाताची ही भीती वय वाढलं तरी जात नाही. आमच्या गटानं काढलेली माणसं बघितली तर महाराष्ट्रातला प्रत्येक जण खिशात हात घालून किंवा पाठीमागे लपवून उभा आहे असं वाटेल. पायांचं तेच. मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर आमच्या चित्रांत मात्र घोट्यापर्यंत गवत उगवतं.

सत्र संपलं की सगळे कागद फरशीवर मांडायचे आणि भोवती फिरायचं. इथे मराठी माणसाचा मूळ स्वभाव कसाला लागतो. "छान आहे" म्हणजे बघितलं नाही. "प्रयत्न चांगला" म्हणजे बघितलं आणि वाईट वाटलं. "वेगळं आहे" ह्या शेऱ्यानंतर माणूस दोन रविवार फिरकत नाही. मास्तर एवढं आडवळणानं बोलत नाहीत. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भार असलेल्या पायाच्या टाचेशी उतरला पाहिजे, हा त्यांचा लाडका सिद्धान्त. कागदापाशी येतात, हवेत बोटानं रेघ ओढतात आणि म्हणतात, "पडतोय, धरा त्याला!" माझ्या बाबतीत हल्ली नुसतंच "धरा" म्हणतात.

पण फरशीवरच्या त्या प्रदर्शनातली खरी गंमत मला फार उशिरा दिसली. मॉडेल एकच, उजेड एकच, वेळ एकच; तरी प्रत्येक कागदावरचा माणूस काढणाऱ्याच्या वळणावर गेलेला. मास्तर स्वतः काटकुळे, ताठ. त्यांच्या हातून पैलवानही उपाशी उतरतो. गेमिंग कंपनीत ॲनिमेशन करणारी मुलगी रोज धावते. तिची माणसं उभी असली तरी निघाल्यासारखी वाटतात. दातांचे डॉक्टर जबडा असा काढतात की बघत राहावं, मात्र त्याखालच्या माणसाला अपॉइंटमेंट मिळत नाही. आणि माझ्या माणसांना, बाई असो, पोरगेला मुलगा असो, मध्यभागी जरा जास्त जागा लागते. चित्रकार नकळत स्वतःलाच काढत राहतो, सांभाळा, असा इशारा लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणांत देऊन ठेवला आहे. त्याचं पोट कसं होतं कोण जाणे.

हे सगळं आमच्या मॉडेल मावशींना आमच्याआधी कळलं होतं. त्या कलामहाविद्यालयांत बरीच वर्षं बसल्या आहेत, म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा त्यांचं कलाशिक्षण जास्त. पोझ घेण्याआधी त्या पायांभोवती खडूनं रेघ मारून घेतात, समोरच्या भिंतीवरचा एक डाग निवडतात आणि मग वीस मिनिटं त्या डागाची मान खाली जाईपर्यंत त्याच्याकडे बघतात. एकदा आर्किटेक्ट महाशय म्हणाले, "मावशी, तुमचा डावा पाय हलला." मावशी मान न हलवता म्हणाल्या, "पाय खडूतच आहे. तुमची खुर्ची सरकली." बघितलं तर सरकली होती. मध्यंतरात चहाचा कप घेऊन त्या कागदांवरून नजर फिरवतात. माझ्या कागदापाशी थांबून म्हणाल्या, "सर, मी जेवून आले नाही हो आज."

शेजाऱ्यांना मात्र वेगळीच उत्सुकता. २०१८ मध्ये रवी जाधवांचा 'न्यूड' चित्रपट आल्यापासून "मॉडेल" म्हटलं की लोक आवाज खाली घेतात. "तुमच्यातही तसलं असतं का?" मी त्यांना सांगतो, की मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वीच तसा लाइफ क्लास सुरू केला. आमच्याकडे मात्र खाली लग्नं असतात, त्यामुळे सगळे पूर्ण कपड्यांत. शेजाऱ्यांचा चेहरा पडतो.

कधीमधी आम्ही बाहेर पडून खऱ्या मंडईत बसतो. १८८६ मध्ये उघडलेली ती इमारत देखणी आहे, आणि आर्किटेक्ट फक्त तीच काढतात. त्यांची मंडई कायम संपावर असते. बाकीचे एक गुडघा वर घेऊन बसलेल्या भाजीवाल्या बायकांच्या मागे लागतात. ते बसणं म्हणजे जेश्चरची पर्वणी: सगळा भार एका कुल्ल्यावर, कोपर गुडघ्यावर, आणि दुसऱ्या हातानं तराजू. पण मावशींसारखा खडू इथे चालत नाही. गिऱ्हाईक आलं की पोझ संपली. एकीनं मला बजावलं, "काढा काय काढायचं ते, पण वांग्यांपुढून उठा." मागे जमलेल्यांपैकी एकजण हमखास विचारतो, "कुठल्या पेपरात येणार?" कुठल्याच नाही म्हटलं की तो आपल्या वेळेचा हिशेब मागितल्यासारखा बघतो.

एका रविवारी मावशी गावाला गेल्या आणि गटाच्या रिवाजाप्रमाणे माझी पाळी आली. नवखा मॉडेल नेहमी पराक्रमी पोझ घेतो. मी बाजीप्रभूंच्या थाटात उजवा हात उंचावला. काही सेकंदांतच हाताला कळ लागली, पाठोपाठ नाकाच्या शेंड्यावर माशी आली, आणि मग डाव्या पायाला मुंग्या. तेव्हा मला विठ्ठलाची थोरवी पटली. जेश्चरवाल्यांच्या दृष्टीनं विठोबा तसा अवघड: दोन्ही पाय सम, कंबरेला कल नाही, ओढ शोधायची कुठे? मुरलीधर कृष्ण कसा तीन ठिकाणी वाकून चित्रकाराची निम्मी सोय करून ठेवतो. पण अठ्ठावीस युगांची पोझ, तीही मध्यंतराशिवाय, ही काय चीज आहे ते टेबलावर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. मी दुसऱ्या पोझपासून कमरेवर हात ठेवले.

शेवटी फरशीवर दहाबारा मी मांडलेले होते. ॲनिमेशनवालीचा मी खिडकीतून उडी टाकायच्या बेतात, डॉक्टरांचा मी गळ्यापर्यंतच, आर्किटेक्टांचा मी भूकंपरोधक. मास्तरांचा मी सडपातळ, खांदे मागे, पोट जागच्या जागी गायब. मी सगळ्यांचे फोटो काढून घरी बायकोला दाखवले. तिनं एकेक फोटो सरकवत नेला, मास्तरांच्या कागदावर थांबली, दोन बोटांनी तो मोठा केला आणि विचारलं, "हे कधी?"