सांधे चोरणाऱ्या डासिणीस उघडं पत्र

अगं पट्टेरी,

पुस्तकातलं तुझं नाव एडिस इजिप्ती. बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरच्या आमच्या गावांत त्या नावानं तुला कुणी ओळखत नाही. काळ्या पायांवर पांढरे पट्टे, आणि रात्रीची वाट न पाहता दिवसाढवळ्या चावणारी, एवढी ओळख आम्हाला पुरते. तुझा नवरा फुलापानांचा रस पिऊन जगतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. रक्त तुला लागतं, अंडी घालायला. लेकरांसाठी आई काय काय करते ते मला कुणी शिकवायला नको. पण तुझ्या लेकरांची किंमत माझ्या दहा बोटांनी का चुकवावी, एवढं विचारायला हे पत्र लिहिते आहे. उघडं लिहिते, कारण तुझ्या गुन्ह्यात भागीदार पुष्कळ आहेत आणि त्यांना वाचता येतं.

तू या भागात नवखी नाहीस. 1973 साली शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, तू चिकुनगुनिया पसरवलास. पुढं तीसएक वर्षं देश हा ताप जवळपास विसरून गेला. 2005 सरता सरता तू त्याला परत घेऊन आलीस, आणि 2006 च्या ऑक्टोबरपर्यंत देशात साडेबारा लाख संशयित रुग्ण मोजले गेले. त्यांतले साडेसात लाख एकट्या कर्नाटकातले. तेव्हाचं गुलबर्गा, बिदर, रायचूर, विजापूर, सगळे जिल्हे त्या यादीत होते. आमच्या गल्लीत त्या वर्षी घरटी एक बाज अंगणात होती. पेरणीला माणूस मिळेना. उभं राहायला भिंत धरणाऱ्या बाया मी तेव्हा पाहिल्या आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्या आहेत, होतं असं. त्यांतल्या कितीतरी तिशीतल्या होत्या.

परवाच्या पावसाळ्यात माझा नंबर लागला. ताप आठवड्याच्या आत उतरला. तुझी खरी करणी त्यानंतर सुरू होते. सकाळी मूठ मिटत नाही, मनगट वळत नाही, घोट्यावर भार देऊन उठता येत नाही. काहींचं हे महिन्या-दोन महिन्यांत सरतं, काहींना वर्ष-दोन वर्षं सोडत नाही, आणि त्यांत बाया आणि वयस्क माणसं जास्त. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं. पाणी कुणी भरायचं आणि भाकरी कुणी थापायची, ते चिठ्ठीवर नव्हतं.

भाकरीचं तुला कळणार नाही, म्हणून सांगते. ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात भिजवून तळहातानं रगडावं लागतं. मग परातीत गोल फिरवत थापायचं, म्हणजे तळहात, मनगट आणि बोटांची पेरं ही तिन्ही एकाच वेळी चालली पाहिजेत. तू नेमकी ती तिन्ही धरलीस. आणि आमच्याकडं बाईची पत भाकरीवरून ठरते. बाई किती थकली हे कुणी विचारत नाही. भाकरी कशी झाली हे सगळे विचारतात.

पहिल्यांदा म्हैस गेली. धार काढायला अंगठा आणि दोन बोटं घट्ट मिटावी लागतात, ती मिटेनात. वैरण, शेण, गोठ्याची झाडलोट हे सगळं माझ्याच अंगावर होतं आणि वाटून घ्यायला कुणी पुढं आलं नाही. म्हैस विकली, त्यातले पैसे औषधाला गेले. दूध विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून दूध, दही, तूप तिन्ही बंद झालं. आता ऐपत झाली तरी मी ते परत सुरू करणार नाही. रेडकाला दाव्याशी बांधून त्याच्या तोंडचं काढून घेताना इतकी वर्षं मी मान फिरवत होते, ती आता फिरवावी लागत नाही. माझ्या घरातला स्वयंपाक पूर्ण शेतातला झाला, आणि त्यात कमी पडल्यासारखं मला काही वाटत नाही.

तू म्हणशील, हात आखडल्यावर ही बाई उपाशी मरेल. ऐक मग मी काय खाते.

रात्री वाटीभर ज्वारीच्या कण्या आणि पाव वाटी तुरीची डाळ भिजत टाकायची. गिरणीवाल्याला भरडून द्यायला सांगितलं की कण्या तयार मिळतात, दळणाहून वेगळं काही करावं लागत नाही. डाळ मी अख्खी घेत नाही. कलबुर्गी तुरीचं कोठार, तिथल्या डाळीला 2019 साली जीआय मानांकनही मिळालं, आणि तिथल्या डाळमिलांतून जो तुकडा निघतो तो निम्म्या कौतुकाचा आणि पुऱ्या चवीचा असतो. भाव कमी, शिजायला वेळ कमी, म्हणजे गॅसही कमी. सकाळी त्यात अंबाडीची पानं टाकायची. अंबाडीला विळी लागत नाही, देठावरून हातानं ओरबाडली की पानं सुटतात. हळद, मीठ, हिरवी मिरची आणि पाणी सढळ, वाटीला पाच वाट्या. पाच-सहा शिट्ट्या झाल्या की कण्या इतक्या मऊ होतात की घोटायला जोर लागत नाही. वरून कर्डीच्या तेलात ठेचलेल्या लसणाची फोडणी. पलीकडच्या कानडी अक्का त्यालाच पुंडी पल्या म्हणतात, त्यांच्याकडं भाकरीबरोबर खातात. मी नुसती वाटीत घेऊन चमच्यानं खाते. एकच भांडं घासायचं राहतं.

अंबाडी नसेल त्या दिवशी चिंचेचा कोळ घालून तीच डाळ-कण्या. लिंबू असेल तर पानात वाढल्यावर पिळायचं, शिजवताना नाही. धान्या-डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर ते लोह वाया जातं. म्हणून माझा गुळाचा कोरा चहा जेवणानंतर तासाभरानं.

बरं वाटतं त्या दिवशी मी चटण्या करून ठेवते. कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची. मिक्सरचं झाकण मुलगा बसवतो आणि तोच काढतो. तिन्ही रुंद तोंडाच्या डब्यांत, कारण फिरकीच्या बरण्या माझ्यानं उघडत नाहीत. वाईट दिवस आला, की आधीची वाळवलेली कडक भाकरी, वर चटणी आणि कच्चं तेल. कडक भाकरी एकदा भाजून नीट वाळवली की महिनाभर राहते. माझ्या हातची असतेच असं नाही. कलबुर्गीकडं बचतगटाच्या बाया ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावानं ज्वारीच्या भाकरी करून विकतात. आमच्या बाजारातही एक बाई ढीग घेऊन बसते. तिच्याकडून विकत घेतली तेव्हा शेजारीण म्हणाली, घरात बाई असून भाकरी विकतची? होय, विकतची. तिच्या हाताला दाम मिळतो आणि माझ्या हाताला सुट्टी.

एक गोष्ट तुझ्या नावावर टाकता येत नाही. दूध-दही, अंडी, मांस-मासे सगळं सोडलं की बी-12 मिळायचा मार्ग बंद होतो. कुठल्याही पालेभाजीत, कुठल्याही डाळीत ते भरवशाचं नसतं, त्याची गोळी घ्यावी लागते. ती न घेणाऱ्या माणसालाही थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात. माझ्यासारखं खाणाऱ्या बाईनं प्रत्येक मुंगीचा दोष तुला देऊन गप्प बसू नये, रक्त तपासून घ्यावं.

बाहेरची कामंही मी आता एका दिवसाला एक अशी धरते. रेशनच्या दिवशी बाजार नाही, दवाखान्याच्या दिवशी गिरणी नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, त्याचं मोल माझ्यासारखीला विचार. तालुक्याला जायला नवऱ्यापुढं हात पसरावा लागत नाही, आणि एका फेरीत दहा कामं उरकून पडायची सक्तीही राहत नाही. पण बसची पायरी अजून गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे आणि चढताना धरायची दांडी आखडलेल्या बोटांना धरत नाही. रेशनच्या रांगेत बसायला एक बाकडं नाही. बाकडं ठेवायला योजना लागत नाही.

आता पाण्याकडं येते. तिथंच तुझं बाळंतपण होतं.

तुला गटार चालत नाही. तुला स्वच्छ, साठलेलं, न हललेलं पाणी लागतं: रांजण, ड्रम, हौद, कूलरचं तळ, पडकं टायर. आमच्या उन्हात अंड्यापासून उडेपर्यंत तुझ्या पोरीला आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि आमच्याकडं नळ किती दिवसांनी येतो? आठाठ दिवसांनी. उन्हाळ्यात त्याहून उशिरा. म्हणून घरात जेवढी भांडी तेवढी भरून ठेवायची. बाया पाणी साठवतात त्या हौसेनं नाही, उद्या नळ येणार नाही या खात्रीनं. 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशनची घोषणा झाली, माणशी रोज 55 लिटर पाणी नळानं देण्याची. पाइप आला, तोटी बसली. त्या वाक्यातला ‘रोज’ हा शब्द तेवढा आमच्या गावात यायचा राहिला. तो आला असता तर मला पाणी साठवावं लागलं नसतं, आणि तुला माझ्या घरात पाळणा बांधता आला नसता. म्हणून म्हणते, भागीदार पुष्कळ आहेत. ताप आला की धुराचं यंत्र घेऊन गल्लीत फिरायला माणसं येतात. धुरानं तू मरतेस. तुझी अंडी मरत नाहीत.

तुझ्या अंड्यांचा सगळ्यात मोठा डाव मला कळला तेव्हा मी खूप चिडले. तू अंडी पाण्यात सोडत नाहीस. पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवतेस. रांजण रिकामा केला, वाळवला, तरी ती महिनोन्‌महिने कोरडी टिकतात आणि पुढचं पाणी भरताच फुटतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. आतून काथ्यानं, ब्रशनं घासावं लागतं, जोर लावून, बोटांच्या पेरांनी. ज्या हातांनी तुझी अंडी खरवडायची तेच हात तू आधी मोडून ठेवतेस. रांजण घासणारी बाई आजारी पडली की रांजण घासला जात नाही, रांजण घासला नाही की घरातलं दुसरं माणूस आजारी पडतं. 2006 साली आमच्या गल्लीत एका घरातून दुसऱ्या घरात तू अशीच फिरलीस.

पण हे चक्र तुझ्या ताकदीवर चालत नाही. घरात हात असलेली बाकीची माणसं बसून असतात, म्हणून ते चालतं.

त्यांच्याशी मला बोलायचंच आहे. आमच्या लातूर-बिदर-कलबुर्गी पट्ट्यात मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवसीला, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन घरचा पुरुषच शेतात जातो. घोंगडी पांघरून, वाटेत कुणाशी न बोलता. त्या डोक्यावरच्या भाराला मान आहे. मग नळाखालून भरलेली कळशी त्याच डोक्याला, त्याच खांद्याला जड का होते? येळवसीच्या भज्जीसाठी, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीसाठी, ढीगभर ओल्या शेंगा अंगणात बसून माझे दीर सोलतात, हसतखेळत सोलतात. त्यांच्या हातांना सोलणं येतं. रोजच्या भाजीला ते हात कुठं जातात? मी हे जेवताना विचारलं, तेव्हा घरात बराच वेळ कुणी काही बोललं नाही. नंतर नवरा म्हणाला, सांगत जा मग. मी सांगितलं की सांगायची जबाबदारीही माझ्यावर नको. कोपऱ्यात रांजण आहे, तो दिसतो.

त्यावर भांडण झालं, ते मी लपवत नाही. सासूबाईंना ऐकायला अवघड गेलं. पण 2006 साली त्याही बाजेवर होत्या, आणि त्या दिवसांत पाणी कुणी भरलं, ते त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं. माझी तेव्हा सातवीत असलेली नणंद. शाळा बुडवून.

तर पट्टेरी, ठरलं आहे ते तुला कळवते. शुक्रवार आमच्या घरात कोरडा दिवस. रांजण, ड्रम, कूलर, सगळं रिकामं होईल आणि आतून घासलं जाईल. घासणार नवरा आणि मुलगा. मी ओट्याशी खुर्चीवर बसून कण्या निवडणार. मागचा हौद रिकामा करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडले आहेत, तुझ्या पोरी खातात ते. ड्रमवर जुन्या धोतराचं फडकं दोरीनं आवळलं आहे. शेजारच्या चार घरांनी शुक्रवार धरला आहे, पाचव्या घरी परवा दीर जाऊन बोलून येतील. आणि नळ रोज सोडा म्हणून ग्रामसभेत द्यायचा अर्ज लिहून तयार आहे. खाली माझी सही वाकडी आली आहे, बोटं अजून नीट मिटत नाहीत. तशीच राहू दिली आहे.

तुझी वैरीण,
सीमेवरची एक बाई