देहूचे चेन्नईकर

आयपीएल सुरू झाली की देहूच्या चौकात पिवळा रंग दिसायला लागतो. नवख्या माणसाला वाटेल, जेजुरीचा भंडारा इकडे कसा उधळला? भंडारा नव्हे, टी-शर्ट. पाठीवर भला मोठा ७. आतला मुलगा अकरावीतला, दक्षिणेला फार तर कोल्हापूरपर्यंत गेलेला. नकाशात चेन्नई दाखव म्हटलं तर बोट आधी हैदराबादवर टेकेल. त्याला विचारा, बाबा रे, चेन्नईच का? उत्तर तयार असतं, "माही आहे ना, काका!" माही रांचीचा. म्हणजे भक्त देहूचा, देव झारखंडचा, देऊळ तामिळनाडूत आणि ते बांधणारी सिमेंट कंपनी. राष्ट्रीय एकात्मतेवर याहून चांगला निबंध शाळेत कुणी लिहिलेला नाही.

बरं, देहूपासून क्रिकेट लांब आहे म्हणावं तर तसंही नाही. गहुंजेचं मैदान हाकेच्या नाही, पण रिक्षाच्या अंतरावर आहे. लोणावळा लोकलने बेगडेवाडीला उतरलं तर चालतही जाता येतं. घराजवळ मैदान असेल तर घरचा संघ आवडतो, असा जगाचा अनुभव. आपल्याकडे मैदान जागेवर राहिलं, संघच पळाले.

आधी आले पुणे वॉरियर्स. सहाराने २०१० मध्ये सुमारे १,७०० कोटी मोजले आणि पुण्याच्या नावाने संघ घेतला. २०११ मध्ये या संघाने घरचे सामने खेळले नवी मुंबईत, नेरुळला, कारण गहुंजेचं मैदान तयार नव्हतं. २०१२ मध्ये मैदान तयार झालं, तर संघ तयार नव्हता. दहांत नववा, नवांत नववा, नवांत आठवा, हे त्यांचं तीन वर्षांचं प्रगतिपुस्तक. एकदा मात्र या संघाला भरभरून माया मिळाली. ५ मे २०१२ रोजी हजारो प्रेक्षक पुण्याच्या बाजूने ओरडत होते. फक्त ते मैदान कोलकात्याचं ईडन गार्डन्स होतं आणि पुण्याचा कप्तान सौरव गांगुली होता. घरचा संघ सोडून पाहुण्यांच्या कप्तानासाठी गळा काढणारे बंगाली आणि घरचा संघ घरी नाही म्हणून गप्प बसलेले पुणेकर, असा तो योग.

इतिहासात वॉरियर्सचं नाव पक्कं झालं ते २३ एप्रिल २०१३ ला. त्या दिवशी ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या, त्या यांच्याच गोलंदाजांना कुटून. त्याच वर्षी सहाराने गाशा गुंडाळला. मैदानाला दिलेलं नावही खाली उतरलं.

मग २०१६. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि रिकाम्या मशीनवर बदली कामगार उभा करावा तसा पुण्याचा नवा संघ उभा राहिला. रायझिंग पुणे सुपरजायंट्स. कप्तान कोण? साक्षात धोनी! आता तरी आमच्या पिवळ्या पोरांनी रंग बदलायला हवा होता की नाही? देव चालत गहुंजेला आला होता. पोरं गेली, धोनीसाठी ओरडून आली, आणि घरी येऊन चेन्नईची बंदी कधी उठते याचे दिवस मोजत बसली. पाव्हणा कितीही लाडका असला तरी तो मुक्कामाला आलेला नाही, हे पोरांना मालकाच्या आधी कळलं होतं.

त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले आणि पुण्याचा संघ घरचे सामने खेळायला विशाखापट्टणमला गेला. पुढच्या वर्षी नावातला शेवटचा 'स' गेला, धोनीचं कप्तानपद गेलं आणि संघ मात्र खेळायला लागला. मुंबईला त्या हंगामात तीनदा हरवलं. चौथ्यांदा गाठ पडली ती अंतिम सामन्यात, २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेने गेला चषक.

इथे जरा थांबतो, कारण सगळी गोम इथेच आहे. एका धावेने हरलेला अंतिम सामना ही चाहत्याची जन्माची ठेव असते. जगात कुठेही असा पराभव झाला तर बाप तो मुलाला सांगतो, मुलगा नातवाला, आणि त्या एका धावेवर तीन पिढ्या निष्ठावान होतात. जिंकलेल्या संघाला चाहते मिळतात, हरलेल्या संघाला घराणी मिळतात. पण त्यासाठी एक किरकोळ अट असते: पुढचा हंगाम. आमच्याकडे पुढचा हंगामच नव्हता. दोन वर्षांचा करार संपला, संघ बंद. रडायचं तरी कुणासाठी?

आणि २०१८ मध्ये काय झालं पाहा. चेन्नईत कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं, मैदानात चपला-बूट आले, आणि चेन्नईचा संघ उरलेले घरचे सामने खेळायला आला थेट पवनेच्या काठी, गहुंजेला. दोन वर्षांपूर्वी पाणी नाही म्हणून आमचा संघ आंध्रात, आता पाण्याचं भांडण म्हणून त्यांचा संघ मावळात. चेन्नईहून चाहत्यांनी भरलेली खास रेल्वेगाडी पुण्याला आली. हजारभर किलोमीटर, रात्रभर शिट्ट्या. त्या वर्षी चेन्नईने चषक जिंकला. गहुंजेच्या मैदानाला घर म्हणून चषक जिंकलेला आयपीएल संघ एकच, आणि तो तमिळ!

मग त्या अकरावीतल्या मुलाला दोष कशाला द्यायचा? २०१८ मध्ये तो आठ-नऊ वर्षांचा होता. अमेरिकेत सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ नावाच्या अभ्यासकाने फेसबुकवरचे बेसबॉलचे चाहते वयानुसार मोजले. त्यातून निघालं ते असं की मुलगा साधारण आठ वर्षांचा असताना जो संघ अजिंक्य होतो, तो त्याला बऱ्याचदा जन्मभर चिकटतो. न्यूयॉर्क मेट्स हा संघ १९६९ आणि १९८६ ला जिंकला, तर त्याचे चाहते १९६१ आणि १९७८ च्या सुमारास जन्मलेल्यांत जास्त. हीच फूटपट्टी आपल्या गल्लीला लावा. मुंबईने २०१३ ते २०२० या काळात पाच चषक घेतले. म्हणजे कोणत्या पोराच्या अंगात निळा आणि कोणत्याच्या पिवळा, हे त्याच्या विचारांवरून नाही, जन्मदाखल्यावरून कळतं. पुढे चाळीस वर्षं तो ज्या निष्ठेसाठी भांडणार, ती त्याने तिसरीत असताना गृहपाठ चुकवून टीव्हीसमोर बसून कमावलेली असते.

निवडल्यावर टिकते कशी? त्यालाही उत्तर आहे. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कॉलेजचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी पोरं कॉलेजच्या नावाचे कपडे जास्त घालतात. जिंकल्यावर 'आम्ही', हरल्यावर 'ते'. हा शोध लावायला अमेरिकेत कशाला जायला हवं? तळवड्याच्या कुठल्याही टपरीवर सकाळी सात वाजता, थर्ड शिफ्ट सुटल्यावर उभं राहा. "काल आपण काढला राव सामना!" आणि दुसऱ्या दिवशी, "काय खेळतात हे लोक, पैसे खाल्ले असणार." काल खेळले ते आपण, आज हरले ते लोक.

चाकण, महाळुंगे, तळवडे इथल्या खोल्यांत ही गंमत आणखी रंगते. एका खोलीत चार गाद्या. लातूरचा मुंबईवाला, बिहारचा चेन्नईवाला, उत्तर प्रदेशचा कोहलीमुळे बेंगळुरूवाला, चौथा ज्याच्यावर पैज लावली असेल त्याचा. कुणाचाच संघ कुणाच्याच गावचा नाही. खोली भाड्याची, नोकरी ठेकेदाराची, सहा-आठ महिन्यांनी ब्रेक ठरलेला. आणि ते ज्यांच्यासाठी भांडतात ते तरी काय वेगळे? लिलावात तीन वर्षांसाठी उचललेले, करार संपला की समोरच्या गेटवर हजर. खेळाडू कंत्राटी, कोच कंत्राटी, कप्तान तर रोजंदारीवर. या सगळ्या कारखान्यात पर्मनंट माणूस एकच, प्रेक्षक. तोही बिनपगारी, आणि टी-शर्ट स्वतःच्या पैशाने विकत घेणारा.

मुंबईवाल्यांना हे डिसेंबर २०२३ मध्ये कळलं. रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला कप्तान केलं, आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी घरच्याच कप्तानाची हुर्यो उडवली. पुढे जूनमध्ये भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकचा जयजयकार. निष्ठा अढळ होती म्हणतात. नेमकी कशावर, एवढंच विचारू नये.

कोल्हापूरकर या सगळ्यावर हसतील, आणि त्यांना तो हक्क आहे. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार असा फुटबॉल सामना लागला की कुणी 'तुझा आवडता संघ कुठला' असं विचारत नाही. पेठ कुठली, एवढं विचारलं की झालं. संघ आणि चाहता एकाच नळावर पाणी भरतात. गोल चुकवणारा पोरगा संध्याकाळी त्याच गल्लीत यायचा असतो, आणि गल्ली त्याचं काय करायचं ते करते. तिथे मारामाऱ्या होतात, पोलिसांना धावावं लागतं, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण राग निदान ओळखीच्या माणसाचा असतो.

त्याच कोल्हापूरशेजारी, करवीर तालुक्यात, मार्च २०२४ मध्ये टीव्हीवर मुंबई-हैदराबाद सामना चालू होता. रोहित बाद झाला म्हणून चेन्नईच्या चाहत्या एका वयस्कर गृहस्थांनी टिंगल केली. मुंबईच्या चाहत्यांनी त्यांना मारहाण केली आणि त्यात त्यांचा जीव गेला. मारणारे मुंबईचे नव्हते, गेलेला माणूस चेन्नईचा नव्हता, आणि त्या सामन्यात चेन्नई खेळतही नव्हती. इथे विनोद संपतो.

देहूला खरं तर निष्ठा बाहेरून मागवायची गरज नाही. पालखी सोहळा १६८५ पासून चालू आहे. आपली दिंडी कोणती, हे इथे कुणी आवडीनिवडीने ठरवत नाही. आजा जिच्यात चालला तिच्यातच नातू. रथापुढे की रथामागे, नंबर कितवा, सगळं ठरलेलं. तिथे हार-जीत नाही, म्हणून आषाढी झाल्यावर दिंडी कुणी लिलावात काढत नाही. आसपासच्या गावांत बैलगाड्याचे शौकीन बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. मधली सात वर्षं कित्येकांनी न पळणारे बैल दावणीला ठेवून खाऊ घातले. संघ मैदानात नसताना खुराक चालू ठेवणारा चाहता आयपीएलच्या कुठल्या मालकाने पाहिला आहे?

पिवळ्या टी-शर्टवाल्यांकडे आता एक बिनतोड मुद्दा आला आहे. २०२४ पासून चेन्नईचा कप्तान ऋतुराज गायकवाड. जुन्या सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. "आता तर आपलाच पोरगा आहे!" अगदी खरं. मग पाठीवर ३१ का नाही? ऋतुराजचा नंबर ३१ आहे. चौकात अजून सगळे सातच फिरतात. आपला पोरगा युक्तिवादाला, रांचीचा छपाईला.

आणि जाता जाता एक गोष्ट. पुण्याच्या नावाचा एक संघ आहे, जो २०१४ पासून पळून गेलेला नाही. पहिले दोन हंगाम तळाला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ असं नमवून जिंकला. कप्तान नगर जिल्ह्यातला, अस्लम इनामदार. पुणेरी पलटण, खेळ कबड्डी. तुकोबांच्या गाथेत क्रिकेट नाही, हुतूतू आहे. हरणं, थांबणं, परत येणं, घराणी तयार व्हायला लागणारा सगळा माल या संघाकडे आहे. त्या रात्री आमच्या चौकात एकही फटाका वाजला नाही. तीन आठवड्यांनी, २२ मार्चला, चेन्नईने चेन्नईत बेंगळुरूला हरवलं, तेव्हा देहूत माळ लागली.

टपरीवाल्या मामांना विनंती आहे. पुढच्या वेळी पलटणचा सामना असेल तेव्हा चॅनेल तेवढं बदलून बघा. पोरं दोन मिनिटं ओरडतील. त्यातलं एखादं आठ वर्षांचं असेल.